घरगुती मोबाइल ब्रॉडबँड आणि सार्वजनिक आय. पी. पत्ता

सुरत शहराच्या पूर्वेस, कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया नावाचा दाट वस्तीचा भाग आहे. आपल्याकडे हमरस्ता सोडून गावाकडे वळावयाच्या ठिकाणाला ‘फाटा’ म्हणतात. गुजरातेत त्यासाठी ‘पाटिया’ हा शब्द रूढ आहे. पर्वत हे मूळचे गाव आता शहरात विरून गेले आहे, पाटीचे नाव तेवढे मागे राहिले आहे. येथे आणि शेजारच्या लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमाग, रंगाई-छपाईचे कारखाने आणि साड्यांच्या बाजारपेठा हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होय. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीतर्फे मराठी माध्यमाच्याही शाळा चालविल्या जातात, यावरून या वस्तीचे प्रमाण ध्यानात यावे. गावाशी या मंडळींचा संबंध तुटलेला नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गाने जाणेयेणे चालूच असते. या मार्गावरील नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात व दुसरा गुजरातेत आहे, ही गोष्ट त्या भागातील वाचकांना ठाऊकच आहे.

भाड्याच्या खोल्या, वरचेवर होणारी खोलीबदल, अरुंद गल्ल्या आणि पावसाळ्यात येणारे खाडीचे पाणी यांमुळे या वस्तीत फायबरची तार घरापर्यंत आणणे प्रत्येकास जमतेच असे नाही. अशा वेळी मोबाइलच्या मनोऱ्यावरून येणारे घरगुती ब्रॉडबँड सोयीचे ठरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये गुजरातच्या सर्व ३३ जिल्हा मुख्यालयांत जिओची ५-जी सेवा पोहोचली. त्यानंतर २०२३ च्या ऑगस्टमध्ये एअरटेलने आणि सप्टेंबरमध्ये जिओने घरांसाठी ‘एअरफायबर’ नावाची बिनतारी सेवा देशातील निवडक शहरांत सुरू केली व पुढे ती इतरत्र पसरली. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक ग्राहक-यंत्र बसवावयाचे, त्यातून आलेली तार घरातील राउटरला जोडावयाची, की काम झाले. खोली बदलली तर यंत्रही बरोबर नेता येते. मात्र नव्या जागी सेवा उपलब्ध असली पाहिजे.

या सेवेवर चित्रपट, अभ्यासाचे पाठ, बँकेचे व्यवहार, दूरस्थ नातेवाइकांशी चित्रसंभाषण, सर्व काही सुरळीत चालते. अडचण उभी राहते ती उलट दिशेने. पर्वत पाटियात चार भरतकामाची यंत्रे चालविणारा एखादा गृहस्थ पेरणीसाठी शहादे तालुक्यातील आपल्या गावी जातो आणि तेथून त्याला कारखान्यातील कॅमेरा पाहावयाचा असतो. कॅमेरा बसविणारा कारागीर म्हणतो, “तुमच्या जोडणीला पब्लिक आय. पी. नाही, तो घ्यावा लागेल.” मग कोणी राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून देतो म्हणून पैसे घेतो, कोणी दरसाल पैसे भरावयाचे नाव नोंदवून देतो, आणि इतके करूनही गावी बसून कॅमेरा दिसत नाही तो नाहीच. हा पब्लिक म्हणजे सार्वजनिक आय. पी. पत्ता आहे तरी काय, तो मोबाइलवरील ब्रॉडबँडला का मिळत नाही आणि मुळात तो कोणाला लागतो, हे समजून घेतले तर हा खर्च बऱ्याच अंशी टळू शकेल.

पत्त्यांची टंचाई

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक असावा लागतो. पत्रावर जसा पत्ता, तसा माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन क्रमांक लिहिलेले असतात. यासच आय. पी. पत्ता असे म्हणतात. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीनुसार हा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. या पद्धतीने एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते तयार होतात. त्या काळी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरत्या असलेल्या या जाळ्यास हा साठा अक्षय्य वाटला असल्यास नवल नाही. पुढे घरोघरी संगणक आले, त्यामागून प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि साठा आटत गेला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे गट पाच खंडीय संस्थांना वाटून देण्यात आले. आशिया-प्रशांत विभागाचे वाटप करणाऱ्या ‘एपनिक’ या संस्थेकडील साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गटापर्यंत येऊन ठेपला. तेव्हापासून या विभागातील नव्या संस्थेस जास्तीत जास्त १,०२४ आणि २०१९ पासून ५१२ पत्ते मिळू लागले. कोट्यवधी ग्राहक असलेल्या मोबाइल कंपनीस एवढ्या पत्त्यांनी काय होणार?

वाटपही समप्रमाणात झालेले नाही. ज्यांनी आधी जाळे उभारले त्यांना भरपूर मिळाले. अमेरिकेकडे दीडशे कोटींहून अधिक पत्ते आहेत, तर भारताच्या वाट्यास आलेले पत्ते पाच कोटींहूनही कमी आहेत. टंचाई आली तसा पत्त्यांचा बाजारही सुरू झाला. २०११ मध्ये नॉर्टेल या दिवाळखोर कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला विकत घेतले, म्हणजे एका पत्त्यास सव्वाअकरा डॉलर पडले. त्यानंतर हा भाव कित्येक पटींनी चढला. सार्वजनिक पत्त्यासाठी वेगळे पैसे का मागितले जातात याचे उत्तर यात आहे.

‘मार्फत’ येणारी पत्रे

टंचाईवर कंपन्यांनी काढलेला तोडगा सुरतेतील कामगारांना परिचित अशाच एका पद्धतीशी जुळतो. एका खोलीत आठ-दहा जण राहत आणि गावाकडील पत्रे ओळखीच्या दुकानदाराच्या ‘मार्फत’ मागवीत. पत्ता दुकानाचा, पत्र कामगाराचे. मोबाइल कंपनीच्या जाळ्यात असेच होते. घरातील राउटरला कंपनी एक अंतर्गत पत्ता देते. तो कंपनीच्या आवाराबाहेर चालत नाही. राउटरकडून निघालेली मागणी कंपनीच्या मोठ्या यंत्रापाशी येते. ते यंत्र तिच्यावरील अंतर्गत पत्ता खोडून आपला सार्वजनिक पत्ता लिहिते, सोबत एक ‘पोर्ट’ क्रमांक घालते आणि कोणत्या घरासाठी कोणता क्रमांक दिला याची नोंद ठेवते. उत्तर आले की नोंद पाहून ते योग्य घरी पोहोचविले जाते. एका पत्त्यामागे असे ६५ हजारांहून काही अधिक पोर्ट क्रमांक असतात. प्रत्येक घरास हजार क्रमांक राखून ठेवले तरी एका सार्वजनिक पत्त्यात सुमारे चौसष्ट घरे भागतात.

या व्यवस्थेत घरातून बाहेर गेलेल्या मागणीचे उत्तर बिनचूक परत येते, कारण नोंद आधीच झालेली असते. परंतु शहाद्याहून एखाद्याने आपण होऊन त्या सार्वजनिक पत्त्यावर हाक दिली, तर ती चौसष्ट घरांपैकी कोणासाठी आहे हे कंपनीच्या यंत्रास कळण्यास मार्ग नसतो. दुकानात बिननावाचे पत्र यावे तसे ते होते, आणि यंत्र ते टाकून देते. घरच्या राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केल्याने यात काडीचाही फरक पडत नाही. हाक घरच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. ती त्याआधीच, कंपनीच्या दारात, अडलेली असते. हे माहीत असूनही त्या कामाचे पैसे घेणारे कारागीर आहेत आणि माहीत नसताना घेणारेही आहेत. ग्राहकाच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम एकच.

आपली जोडणी कोणत्या प्रकारची आहे हे घरबसल्या पाहता येते. राउटरच्या स्थितिदर्शक पानावर ‘वॅन’ या शीर्षकाखाली जो पत्ता दिसतो तो लिहून घ्यावा. नंतर त्याच जोडणीवरून ‘माझा आय. पी. पत्ता कोणता’ असा शोध इंग्रजीतून करून जो पत्ता दिसेल तो शेजारी लिहावा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता सार्वजनिक आहे. वेगळे असतील तर जोडणी ‘मार्फत’ची आहे. केवळ पहिल्या पत्त्यावरूनही बराच बोध होतो. १० ने सुरू होणारे, १९२.१६८ ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या दरम्यानचे पत्ते १९९६ पासून खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये खास अशाच सामायिक व्यवस्थेसाठी राखण्यात आले. यांपैकी काहीही दिसल्यास बाहेरून थेट येण्याचा रस्ता बंद आहे असे समजावे. पडद्यावर हे आकडे इंग्रजी अंकांत दिसतात, एवढे ध्यानात ठेवावे.

सार्वजनिक आणि स्थिर

दुकानदारांच्या बोलण्यात ‘पब्लिक’ आणि ‘स्टॅटिक’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांत भेद आहे. सार्वजनिक पत्ता म्हणजे ज्यावर बाहेरून थेट पोहोचता येते असा पत्ता. तो आज एक व उद्या दुसरा असू शकतो. स्टॅटिक म्हणजे स्थिर पत्ता हा सार्वजनिक असून न बदलणारा असतो. पत्ता सार्वजनिक पण बदलता असेल, तर बदलत्या पत्त्याची नोंद ठेवून एकाच नावाने तो शोधून देणाऱ्या सेवा आहेत व त्यांवर काम भागते. ‘मार्फत’च्या जोडणीस मात्र या नावनोंदणीचा काही उपयोग नाही. ती सेवा फार तर कंपनीच्या यंत्राचा पत्ता सांगेल, आणि त्या दारात हाक अडणार हे वर पाहिलेच. दरसाल पैसे भरून घेतलेले असे नाव निरुपयोगी पडून असल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आता सार्वजनिक पत्ता मिळविण्याचे मार्ग पाहू. सर्वांत सरळ मार्ग सेवा देणाऱ्या कंपनीकडे मागणी करण्याचा. फायबरच्या जोडणीवर अनेक कंपन्या वेगळे शुल्क घेऊन स्थिर पत्ता देतात. मोबाइल मनोऱ्यावरील घरगुती योजनेत तो सहसा देत नाहीत. व्यावसायिक योजनेत मिळू शकतो, पण तिचा दर अधिक असतो. काही देशांत सिमकार्डच्या मांडणीतील ‘ए. पी. एन.’ हे नाव बदलले की सार्वजनिक पत्ता मिळतो. परदेशी नातेवाइकांकडून ऐकून तो प्रयोग येथे करणारे पुष्कळ आहेत. भारतात वेगळे ए. पी. एन. कंपनीने त्या सिमकार्डास मंजूर केले असेल तरच चालते, आणि तसे ते प्रामुख्याने मोठ्या संस्थांना दिले जाते. नुसते नाव बदलल्याने जोडणी बंद पडण्याचाच संभव अधिक. तेव्हा जोडणी घेण्यापूर्वीच दुकानात विचारावे की, चौथ्या आवृत्तीचा सार्वजनिक पत्ता या योजनेत मिळेल काय, तो स्थिर असेल काय, आणि त्याचे शुल्क वस्तू व सेवा कर धरून किती. उत्तर तोंडी न घेता कंपनीच्या अधिकृत संदेशाद्वारे किंवा पावतीवर घ्यावे. योजनेत सार्वजनिक पत्ता देण्याचे आश्वासनच नसेल तर तो मिळाला नाही ही तक्रार टिकत नाही. आश्वासन देऊन पाळले नसेल तर प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंद करून क्रमांक घ्यावा, आणि तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागावी. २०१२ च्या दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियमांनी ही दोन पायऱ्यांची सोय केलेली आहे.

घरात आधीच असलेला पत्ता

या विषयात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चौथ्या आवृत्तीचे पत्ते अपुरे पडणार हे तज्ज्ञांनी फार आधी ओळखले होते आणि डिसेंबर १९९८ मध्ये सहाव्या आवृत्तीचा आराखडा प्रसिद्धही झाला होता. ६ जून २०१२ रोजी जगातील मोठ्या कंपन्यांनी ही आवृत्ती कायमची सुरू केली. भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये तिच्या प्रसाराचा पहिला आराखडा आणि मार्च २०१३ मध्ये दुसरा आराखडा जाहीर केला. तथापि या आवृत्तीस खरी चालना मिळाली ती ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर. नव्याने येणाऱ्या कंपनीस जुने पत्ते पुरेसे मिळणे शक्यच नव्हते. तिने आपले जाळे सहाव्या आवृत्तीवरच उभारले. आज सहाव्या आवृत्तीच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. टंचाईमुळे झालेल्या थोड्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक म्हणावयास हरकत नाही.

सहाव्या आवृत्तीतील पत्त्यांची संख्या ३४ या आकड्यावर सदतीस शून्ये दिल्यावर जी होईल तितकी आहे. मोबाइलच्या जाळ्यात एकेका सिमकार्डास एक पत्ता न देता पत्त्यांचा एक संपूर्ण गटच दिला जातो, आणि तो गट सार्वजनिक असतो. म्हणजे पर्वत पाटियातील ज्या घरास सार्वजनिक पत्ता नाही असे सांगितले जाते, त्या घरातील प्रत्येक फोनला तो बहुधा मिळालेलाच असतो. राउटरच्या पानावर सहाव्या आवृत्तीच्या रकान्यात २४०९ किंवा २४०१ यांसारख्या, २ ने सुरू होणाऱ्या लांबलचक पत्त्याचा उल्लेख असेल तर तो हाच. जिओचे पत्ते २४०९ ने आणि एअरटेलचे २४०१:४९०० ने सुरू होतात. येथे दुकानदाराचे ‘मार्फत’ उरत नाही.

तरीही कॅमेरा लगेच दिसेल असे नाही. जुन्या बनावटीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना आणि चित्रण साठविणाऱ्या पेट्यांना सहावी आवृत्ती कळतच नाही. कळत असली तरी राउटर बाहेरून येणारी हाक सुरक्षिततेसाठी अडवितो, आणि ती अडवणूक ठरावीक यंत्रापुरती उठविण्याची सोय कंपनीने दिलेल्या प्रत्येक राउटरमध्ये नसते. काही ठिकाणी कंपनीच्या जाळ्यातही अशी अडवणूक असते. शिवाय राउटर बंद करून सुरू केला की पत्ता बदलण्याचा संभव असतो. ज्या ठिकाणाहून पाहावयाचे तेथील जोडणीवरही सहावी आवृत्ती हवी. नंदुरबार किंवा शहादे येथील मोबाइल फोनवर ती बहुधा असते, एखाद्या जुन्या तारेच्या जोडणीवर नसते. या सर्व अटी पुऱ्या झाल्या तर एक पैसाही जादा न देता काम होते. वेगळे शुल्क भरण्यापूर्वी हा मार्ग तपासून पाहणे श्रेयस्कर.

पत्त्यावाचून चालणारी कामे

खरे पाहता ज्यांना सार्वजनिक पत्ता हवा आहे असे वाटते त्यांच्यापैकी बहुतेकांना तो नको असतो. त्यांना कॅमेरा दिसावा एवढेच हवे असते. आता मिळणारे बहुसंख्य कॅमेरे उत्पादकाच्या मध्यवर्ती यंत्राशी आतून बाहेर संपर्क साधतात, आणि गावातील फोनही त्याच यंत्राशी संपर्क साधतो. दोन्ही बाजूंनी हाक बाहेर जाणारी असल्याने कंपनीच्या दारात ती अडत नाही. भरतकामाच्या कारखानदारास एवढे पुरेसे आहे. त्यात चित्रण परक्याच्या यंत्रामार्फत जाते, ही त्यातील उणीव. कोणाच्या, हे पाहूनच कॅमेरा घ्यावा. इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक आवश्यक निकष ठरविले असून एप्रिल २०२५ पासून ते अंमलात आले आहेत. खरेदीच्या वेळी त्या निकषांनुसार तपासणी झालेली आहे काय, हे विचारण्याचा ग्राहकास अधिकार आहे.

ज्यांना परक्याचे यंत्र नको, किंवा ज्यांचे काम कॅमेऱ्यापुरते नाही, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. एखाद्या शिक्षकाने घरच्या जुन्या संगणकावर पाठांचे ध्वनिमुद्रण व प्रश्नपत्रिका साठविल्या आहेत आणि सुटीत गावाहून त्या हव्या आहेत, असे समजा. अशा वेळी सार्वजनिक पत्ता असलेला लहानसा संगणक महिना-दरमहा भाड्याने घेता येतो. तो प्रत्यक्षात मुंबईत किंवा अन्यत्र मोठ्या केंद्रात असतो. घरचा संगणक त्याच्याशी आतून बाहेर एक सांकेतिक बोगदा जोडून ठेवतो, गावातील फोन त्याच भाड्याच्या संगणकाशी बोगदा जोडतो, आणि दोघांची तेथे गाठ पडते. ‘वायरगार्ड’ ही यासाठीची मुक्त प्रणाली असून मार्च २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. तिच्यात एक छोटी मांडणी करावी लागते: दर २५ सेकंदांनी घरच्या संगणकाने एक रिकामा निरोप पाठवीत राहावे. काही वेळ शांतता राहिली की कंपनीचे यंत्र आपल्या वहीतील नोंद पुसून टाकते आणि बोगदा मुका होतो; निरोप चालू असला की नोंद जिवंत राहते. ही मांडणी विसरल्यामुळे ‘सकाळी चालत होते, दुपारी बंद पडले’ अशी परिस्थिती उद्भवते. भाड्याचा संगणक सांभाळण्याइतकी माहिती नसेल तर ‘टेलस्केल’ यासारख्या तयार सेवाही याच तत्त्वावर चालतात आणि घरगुती वापरापुरत्या त्या विनामूल्य मिळू शकतात.

उघडे दार

सार्वजनिक पत्ता मिळाला तरी काळजी संपत नाही. जगातील सर्व सार्वजनिक पत्त्यांचे दरवाजे अहोरात्र ठोठावून पाहणारी यंत्रे आहेत. चौथ्या आवृत्तीचे सगळे पत्ते तपासून काढण्यास त्यांना फार वेळ लागत नाही. ‘मार्फत’च्या जोडणीत ही ठोठावणी कंपनीच्या दारातच थांबते, थेट पत्त्यावर ती घरात येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ या नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे व राउटर ताब्यात घेऊन अमेरिकेतील ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला चढविला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या शेजारचे उदाहरण याहून क्लेशकारक आहे. राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांनी टिपलेली स्त्रीरुग्णांची दृश्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये इंटरनेटवर आढळून आली आणि गुजरात पोलिसांना गुन्हा दाखल करावा लागला.

तेव्हा सार्वजनिक पत्ता घेतलाच तर कॅमेऱ्याचा किंवा चित्रण-पेटीचा दरवाजा थेट बाहेर उघडू नये. उघडावयाचा असेल तर बोगद्याचा एक दरवाजा उघडावा व बाकी सर्व बोगद्याच्या आत ठेवावे. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. कॅमेरा बसविणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेले खाते असल्यास ते काढून टाकण्यास सांगावे, आणि उत्पादकाने दिलेल्या सुधारणा वेळोवेळी चढवाव्यात. शाळा, वसतिगृहे, आरोग्य केंद्रे आणि ग्रामपंचायती यांच्या कॅमेऱ्यांबाबत ही जबाबदारी कोणा एका कर्मचाऱ्याकडे लेखी सोपविलेली असावी. स्वयंपाकघर, प्रसाधनगृह, तपासणीची खोली अशा जागी कॅमेरा मुळात नसावाच.

अधिकाऱ्यांसाठी थोडेसे

सामायिक पत्त्याचा आणखी एक परिणाम तपासाच्या कामात जाणवतो. फसवणुकीच्या एखाद्या प्रकरणात गुन्हेगाराचा आय. पी. पत्ता हाती लागला की माग लागला असा समज असतो. प्रत्यक्षात त्या पत्त्यामागे त्या क्षणी अनेक घरे असू शकतात, आणि त्यांतील बहुतेकांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नसतो. सामायिक पत्ता असल्यामुळे एखाद्या संकेतस्थळाने एकाच्या गैरवर्तनासाठी सगळ्यांनाच अडविल्याचा अनुभव सामान्य ग्राहकांनाही अधूनमधून येतो, तो याच कारणाने. कोणत्या क्षणी कोणता पोर्ट क्रमांक कोणत्या ग्राहकास दिला होता, ही नोंद ठेवणे सेवा देणाऱ्या कंपन्यांवर बंधनकारक आहे; परंतु ती उपयोगी पडावी यासाठी विचारणाऱ्यानेही नेमकी माहिती दिली पाहिजे. पत्र लिहिताना पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक, तारीख, आणि सेकंदापर्यंतची वेळ नमूद करावी. ती वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे की ग्रीनिचची, हेही लिहावे. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा ग्रीनिचच्या वेळेत असतात, आणि साडेपाच तासांच्या फरकाने कंपनीच्या वहीत भलत्याच घराचे नाव पुढे येते. फसवणूक झालेल्या नागरिकाने राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांक १९३० वर लगेच कळवावे. त्या वेळी पडद्यावर दिसणारी तारीख व वेळ जशीच्या तशी टिपून ठेवली असल्यास तपास अधिकाऱ्यास हीच नोंद पुढे कंपनीकडे पाठविता येते.